माळ्यावर सापडलेली ठासणीची बंदूक: ‘अँटिकला परवाना लागत नाही’ हे कितपत खरं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावच्या घराचं छप्पर उतरवताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली ठासणीची बंदूक निघाली. सोबत शिंगाचं दारूदान आणि एका पत्र्याच्या डबीत काही केप (घोड्याच्या ठोक्याने ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या छोट्या टोप्या). आजोबांकडे परवाना होता असं आत्या सांगते, पण कागद सापडत नाही. भावाचं म्हणणं, बंदूक शंभर वर्षांपूर्वीची आहे, अँटिकला परवाना लागत नाही, गाडीत टाकून पुण्याला नेऊ आणि हॉलमध्ये लावू. तुम्हाला भीती अशी की पोलिसांकडे गेलो तर गुन्हा आपल्यावरच दाखल व्हायचा. जाता जाता एका जुन्या तलवारीबद्दलही विचारलं आहे.

भाऊ निम्मा बरोबर आहे, आणि अशा प्रकरणांत लोक अडकतात ते या निम्म्या बरोबर माहितीमुळेच. तुम्ही प्रश्न ‘बंदूक किती जुनी’ असा मांडला आहे. कायदा आधी बघतो ते दुसरंच: ही बंदूक आज, किंवा दुरुस्त करून उद्या, उडू शकते का? वयाचा विचार होतो, पण नंतर. हा क्रम ध्यानात ठेवलात तर पुढचं सगळं सोपं जाईल.

कायद्याआधी एक तातडीची गोष्ट. ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. ती मधून मोडून आत बघायची सोय नसते. दारू, कापडाची किंवा कागदाची बोळी आणि छर्रे किंवा गोळी, सगळं तोंडाकडून ठासून भरलेलं असतं. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकं जिवंत राहते. रात्री रानडुकराच्या मागावर जाऊन आलेल्या माणसाने न उडवलेली बंदूक तशीच ठेवून देणं ही अगदी नेहमीची गोष्ट होती. म्हणून ती भरलेली आहे असं धरूनच चाला. घोड्याखाली, निपलवर (केप बसवायच्या बारीक नळीवर) तांब्याची टोपी, म्हणजे केप, बसलेली दिसली तर घोडा मागे ओढून बघू नका, टोपी खरवडून काढू नका, चापाला बोट लावू नका. जुन्या चापाच्या खाचा झिजलेल्या असतात आणि अर्ध्यावर अडकवलेला घोडा हलक्या धक्क्यानेही सुटतो.

टोपी नसेल तर एक तपासणी करता येते. नळीत सहज जाईल अशी लाकडी काठी घ्या. लोखंडी गज किंवा सळई नको, ठिणगीचा धोका असतो. नळीचं तोंड माणसं नसलेल्या बाजूला ठेवा, स्वतः कडेला उभे राहा, तळहात किंवा चेहरा तोंडासमोर येऊ देऊ नका. काठी अलगद टेकेपर्यंत आत सोडा, ठोकू नका. तोंडाच्या कडेशी काठीवर खूण करा, बाहेर काढा आणि तीच काठी नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून, आडवी धरून बघा. रिकाम्या नळीत काठीचं टोक निपलच्या किंवा कानाच्या (बत्ती द्यायच्या) छिद्राजवळ पोहोचतं. ते पाच-दहा सेंटिमीटर अलीकडेच थांबत असेल तर आत बार आहे, किंवा निदान मातीचा, गंजाचा किंवा कुंभारीण माशीच्या घरट्याचा बोळा आहे. यातलं नेमकं काय आहे हे ठरवायच्या भानगडीत तुम्ही पडू नका. बंदूक आहे तिथे, भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि खोलीला कुलूप लावा. गरम करणं, ड्रिल मारणं, कॉम्प्रेसरची हवा सोडणं यांतलं काहीही नको.

आता कायदा. बंदुकीसाठी आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. कलम ३ सांगतं की परवान्याशिवाय कोणीही अग्निशस्त्र किंवा दारूगोळा घेऊ, बाळगू किंवा वाहून नेऊ शकत नाही. तोडेदार, चकमकीची, केपाची असा भेद त्यात नाही. स्फोटकाच्या जोरावर काहीही फेकणारं हत्यार म्हणजे अग्निशस्त्र, आणि त्याचे सुटे भागही त्यातच. म्हणजे तत्त्वतः प्रत्येक बंदूक कायद्याच्या आत आहे. जुन्या बंदुकीला सूट मिळते ती अपवाद म्हणून, आणि अपवादात आपण बसतो हे दाखवायचं ओझं व्यवहारात आपल्यावरच येतं.

पहिला आणि सगळ्यात मोठा अपवाद कलम ४५(सी) मध्ये आहे. कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं हत्यार, जे दुरुस्त करून किंवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदाच लागू होत नाही. तुमच्या भावाने वाचलं आहे ते वाक्याचं पहिलं अर्धं. ‘वापरता येणार नाही’ ही अट फक्त मोडक्या हत्याराला आहे, की पुराणवस्तूलाही, असा वाद घालता येतो आणि वकील तो घालतातही. पण परवाना शाखा आणि पोलीस ही अट तिन्ही प्रकारांना लावूनच वाचतात, आणि मी सल्ला देतानाही तसंच धरतो. कोर्टात शेवटी जिंकू अशा आशेवर घरात बंदूक ठेवण्यात शहाणपण नाही.

आता ‘दुरुस्त करूनही’ हा भाग नीट बघा, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. घोडा तुटला आहे, चाप हलत नाही, दस्ता वाळवीने खाल्ला आहे, निपल गंजून बसलं आहे: यातलं काहीही बंदुकीला कायद्याबाहेर नेत नाही. घोडा बदलता येतो, दस्ता नवा बसवता येतो, निपल दुसरं आटवता येतं. तोडेदार बंदुकीचं तर विचारूच नका. तिचं सगळं यंत्र गळून पडलं तरी नळी शाबूत आणि कानाचं छिद्र मोकळं असेल तर जळती वात टेकवून ती उडते. खरा निकाल नळीवर लागतो. मागचा आटा गळून गेला आहे, गंजाने भिंत आरपार खाल्ली आहे, नळीला उभी भेग आहे, असं काही असेल तर ‘दुरुस्त करूनही अशक्य’ म्हणायला आधार मिळतो. आणि हे ठरवायचं तज्ज्ञाने, म्हणजे पोलीस मुख्यालयातल्या आर्मररने (शस्त्रांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याने) किंवा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या बॅलिस्टिक विभागाने. गावातल्या लोहाराच्या किंवा अँटिकच्या दुकानदाराच्या चिठ्ठीला इथे किंमत नाही.

यावर काही जण शक्कल लढवतात की वेल्डिंगवाल्याकडून नळी बंद करून घेऊ, मग प्रश्नच मिटला. हे अजिबात करू नका. भरलेली नळी तापवणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. शिवाय विनापरवाना बंदुकीत फेरफार केल्याचा नवा मुद्दा तुम्हीच तयार करून देता, आणि तोंडाशी मारलेला वेल्ड कापून काढता येतो म्हणून तज्ज्ञ ती ‘वापरण्याजोगी’ ठरवूही शकतो. पुराणवस्तू म्हणून जे मोल होतं ते जातं ते जातंच. तसंच पॉलिश पेपरने घासून चकचकीत करू नका. नळीवर किंवा बंदुकीच्या कुलपावर (घोडा-चापाच्या यंत्रावर) असलेले आकडे, अक्षरं, शिक्के हाच तुमचा पुरावा आहे, आणि कलम ८ प्रमाणे अग्निशस्त्रावरची ओळखचिन्हं पुसणं किंवा बदलणं यालाच मनाई आहे.

दुसरा कप्पा ‘क्युरिओ’चा. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत कुतूहलाची आणि ऐतिहासिक शस्त्रं असा वेगळा वर्ग ४ आहे, आणि त्यात स्पष्ट लिहिलं आहे की कलम ४५(सी) ने वगळलेली सोडून. म्हणजे जुनी पण उडू शकणारी हत्यारं कायद्याच्या आतच आहेत हे नियमांनीच मान्य केलं आहे. फेब्रुवारी २०२० मधल्या दुरुस्तीने या क्युरिओंना सवलत मिळाली: भारतीय नागरिकाला क्युरिओ प्रकारातलं लहान शस्त्र घ्यायला किंवा जवळ ठेवायला परवाना लागत नाही. भावाने ऐकलं असेल ते बहुधा हेच. पण त्याच दुरुस्तीत पुढे असंही आहे की ते वापरायला, बरोबर बाळगून फिरायला किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला रीतसर परवाना लागतो, आणि मालकाच्या परवान्यावर नोंद असल्याशिवाय त्याचा दारूगोळा विकता येत नाही.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ काय? उद्या ही बंदूक क्युरिओ ठरली, तरी गावाहून पुण्याला गाडीत टाकून नेणं म्हणजे वाहतूक, आणि ती परवान्याशिवाय करता येणार नाही. भावाच्या बेतातला सगळ्यात धोक्याचा भाग भिंत नव्हे, मधला रस्ता आहे. नाकाबंदीत डिकीतून बंदूक निघाली तर ‘क्युरिओ आहे साहेब’ हे तिथल्या अंमलदाराला पटण्याची शक्यता शून्य धरा. त्याला दिसते ती विनापरवाना बंदूक. आणि ती क्युरिओ आहे हे तुम्ही स्वतः ठरवायचं नसतं. परवाना प्राधिकाऱ्याकडून तसं लेखी हातात आलं तरच त्या सवलतीवर विसंबायचं.

तिसरा कप्पा नेहमीच्या शस्त्राचा, आणि जुन्या म्हणून मिरवणाऱ्या बऱ्याच बंदुका खरं तर यातच पडतात. बाहेर घोडे असलेली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बनलेली बारा बोअरची दुनळी घ्या. दिसायला संग्रहालयातली, पण तिची काडतुसं आजही परवानाधारकाला दुकानात मिळतात. तिला क्युरिओ म्हणणं अवघड आहे. .३०३ ची रायफल किंवा ९ मिमीचं पिस्तूल तर प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) मोडतं. आजोबांनी महायुद्धातून आणलं असलं तरी त्याचा अधिकार जिल्ह्याकडे नसून केंद्र सरकारकडे आहे, आणि विनापरवाना सापडल्यास शिक्षा ७ वर्षांपासून पुढे सुरू होते. तुमच्या वर्णनावरून तसं काही दिसत नाही.

ठासणीच्या बंदुकीबद्दल आणखी एक फसवणूक होते. बनावट जुनी आहे म्हणून वस्तू जुनी असेलच असं नाही. कोकणात आणि जंगलालगतच्या गावांत रानडुक्कर-माकडांपासून पीक राखायला शेतीसंरक्षण परवान्यावर ठासणीच्या बंदुका दिल्या जात आणि अजूनही आहेत. कायद्यातच कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. तुमच्या आजोबांची बंदूक अशी स्वातंत्र्यानंतर बनलेली देशी बंदूक असण्याची शक्यता मला बरीच वाटते, कारण सोबत केप आहेत आणि आत्याला परवाना आठवतो. तसं असेल तर ती ना पुराणवस्तू ना क्युरिओ, साधं परवान्याचं शस्त्र.

ओळखायचं कसं? बंदूक न उलगडता, आहे त्या जागी फोटो घ्या: पूर्ण बंदूक दोन्ही बाजूंनी, कुलपाची पाटी जवळून, नळीचा मागचा भाग वरून आणि डावीकडून, दस्त्याची पितळी पट्टी. एकूण लांबी आणि नळीची लांबी टेपने मोजा. तोंडाचा आतला व्यास मोजायचा तर व्हर्नियर लागतो, तेही काठीची तपासणी झाल्यावरच आणि नळी रिकामी निघाली असेल तरच. १८५३ च्या एन्फील्ड नमुन्याचा बोअर .५७७ इंच, म्हणजे साधारण १४.७ मिमी, आणि नळीत आटे (पीळदार खाचा) असतात. त्याआधीच्या कंपनी सरकारच्या गुळगुळीत नळीच्या चकमकी बंदुका पाऊण इंचाच्या आसपास. कुलपावर मुकुट, टॉवर (TOWER) ही अक्षरं, सन, किंवा पुढच्या पंजात मुकुट धरून उभा सिंह दिसला तर ती ईस्ट इंडिया कंपनीच्या किंवा ब्रिटिश लष्करी मालातली असू शकते. मात्र कुलपावरचं साल म्हणजे नळीचं साल नव्हे. जुनं कुलूप आणि नवी नळी अशी जोडाजोड सर्रास असते, सजावटीच्या नकलांवर तर खोटे शिक्केही असतात. याउलट नळीवर नुसताच एक नंबर आणि जिल्ह्याची किंवा तालुक्याची अक्षरं कोरलेली सापडली तर तुमचं नशीब चांगलं. तो बहुधा जुन्या परवान्याच्या नोंदीचा नंबर असतो आणि त्यावरून कचेरीतली नोंद काढता येते.

डबीतले केप आणि दारूदानात उरली असेल ती दारू यांचा विचार लोक करतच नाहीत. कलम ४५(सी) ची सूट हत्याराला आहे, दारूगोळ्याला नाही. बंदूक उद्या भंगार ठरली तरी केप आणि दारू ठेवणं हा वेगळा गुन्हा राहतो. जुने केप ठोक्याला किंवा घासण्यालाही फुटतात, म्हणून डबी हलवू नका, उघडून मोजू नका, विहिरीत तर मुळीच टाकू नका. बंदुकीबरोबर त्यांचीही माहिती द्यायची. दारूदानाचं शिंग म्हशीचं असेल तर प्रश्न नाही. सांबरशिंग किंवा हस्तिदंत वाटत असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये येतो आणि वनविभागाशी स्वतंत्र बोलावं लागतं.

आता तुमची भीती. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आणि दंड अशी तरतूद आहे, त्यामुळे भीती अनाठायी नाही. पण त्याच कायद्यात तुमच्या बाजूच्याही गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल खटल्यात (१९७२) आणि पुढे संजय दत्त खटल्यात (१९९४) सांगितलं की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. माळ्यावर काय आहे हे ठाऊकच नव्हतं तोवर तुमचा तसा ताबा नव्हता. ही ढाल छप्पर उतरवलं त्या दिवशी संपली. आता तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे जितका उशीर कराल तितकं ‘सापडल्यावर लगेच कळवलं’ हे म्हणणं लुळं पडत जाईल.

दुसरी आधाराची गोष्ट कलम २१. परवाना संपला, रद्द झाला किंवा कोणत्याही कारणाने ताबा बेकायदा झाला, तर अनावश्यक विलंब न लावता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, असं ते सांगतं. परवानाधारकाचा मृत्यू यातच बसतो. आणि जमा करणं म्हणजे सोडून देणं नव्हे: ठरलेल्या मुदतीत तुम्ही परवाना मिळवलात तर शस्त्र परत घेता येतं, किंवा पात्र माणसाला विकता येतं. मुदत गेली तर मात्र ते सरकारजमा होतं, म्हणून पावतीवरची तारीख सांभाळा. शिवाय कलम ३९ प्रमाणे कलम ३ च्या गुन्ह्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय खटला भरता येत नाही. स्वतःहून कळवलेल्या, जुन्या घरात सापडलेल्या बंदुकीची फाईल त्या टेबलावर गेल्यावर वेगळीच दिसते. हमी कोणीच देऊ शकत नाही. ठाणेदार कोण आहे, भागात नक्षली किंवा टोळ्यांचा त्रास आहे का, घरात कोणावर गुन्हे आहेत का, यावर बरंच अवलंबून असतं. तुमच्या घरात कोणावर गुन्हा असेल तर आधी वकिलाला गाठा आणि त्याच्यासोबत जा.

नसेल तर असं करा. बंदूक घेऊन पोलीस ठाण्यात जाऊ नका, अर्ज घेऊन जा. अर्ज ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे, प्रत जिल्हादंडाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेला. आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर पोलीस आयुक्तांच्या परवाना शाखेला. मजकूर साधा ठेवा: ‘दिनांक अमुक रोजी, मौजे अमुक येथील घर क्रमांक अमुकचे छप्पर उतरवीत असता माळ्यावर खालील वर्णनाची जुनी ठासणीची बंदूक, एक दारूदान व केप असलेली डबी आढळून आली. सदर वस्तू माझे मयत आजोबा यांच्या असाव्यात. त्यांच्याकडे परवाना असल्याचे कुटुंबीय सांगतात, परंतु कागद उपलब्ध नाही. बंदूक भरलेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. वस्तू जागेवरच कुलूपबंद ठेवल्या आहेत. कृपया पंचनामा करून त्या कलम २१ अन्वये जमा करून घ्याव्यात व सदर बंदूक कलम ४५(सी) अथवा क्युरिओ प्रकारात मोडते किंवा कसे याबाबत तपासणी व्हावी.’ खाली वर्णन, लांबी, खुणा आणि फोटो.

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘आढळून आली’ने तारीख पक्की होते, ‘जागेवरच’मुळे वाहतुकीचा मुद्दा राहत नाही, ‘भरलेली असण्याची शक्यता’मुळे सोबत आर्मरर किंवा बॉम्बशोधक पथकातला माणूस येण्याची शक्यता वाढते. शेवटची विनंती नसेल तर बंदूक मुद्देमाल कोठडीत नुसती पडून राहते, कोणी तपासायला पाठवत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या, स्टेशन डायरीची नोंद क्रमांक विचारून त्यावर लिहून ठेवा. तोंडी ‘बघतो, जा तुम्ही’ असं सांगितलं गेलं तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. बंदूक ताब्यात घेताना मिळणाऱ्या पावतीवर ‘एक जुनी बंदूक’ इतकंच लिहू देऊ नका. लांबी, अक्षरं, नंबर, तुटलेल्या भागांचा उल्लेख हवा, नाहीतर वर्षभराने परत मिळालेली तीच की दुसरी, हे सिद्ध करायला काही उरत नाही.

त्याचबरोबर जुनी नोंद शोधायला लागा. जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात शस्त्र परवान्यांच्या नोंदवह्या असतात. आजोबांचं पूर्ण नाव, गाव आणि अंदाजे काळ देऊन माहितीच्या अधिकारात नक्कल मागा. कुठल्या संस्थानाची सनद निघाली तर जपून ठेवा, बंदूक कशी आली हे दाखवायला तिचा उपयोग होतो, पण ती परवान्याच्या जागी चालत नाही. कुर्गच्या कोडव लोकांना कलम ४१ खाली सूट आहे म्हणून आपल्यालाही मिळेल असं कोणी सांगितलं तर ती अधिसूचना त्यांच्यापुरतीच आहे.

नोंद सापडली आणि बंदूक साधं शस्त्र ठरली, तर वारस म्हणून परवाना मागता येतो. फॉर्म ए-१ मध्ये अर्ज, मृत्यू दाखला, वारसांची यादी आणि बाकी वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, सुरक्षित ठेवण्याबाबतचा एस-२ आणि वैद्यकीय तपासणीचा एस-३, असा साधारण संच लागतो. पोलीस अहवाल वेगळा. तीन ठिकाणी ही प्रकरणं रखडतात: आत्या-काका यांपैकी एखादी सही राहते, अर्जदाराचा पत्ता पुण्याचा आणि बंदूक गावी असल्याने दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात, किंवा घरात आधीच दोन शस्त्रं एकाच्या परवान्यावर असतात. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि वारशाने आलेल्या शस्त्रालाही ही मर्यादा लागू आहे. म्हणून अर्ज कोणाच्या नावे करायचा हे आधी घरात ठरवा. नोंद सापडलीच नाही तर वारसाचा मार्ग कमजोर होतो. मग नवा परवाना, किंवा बंदूक खरोखर जुनी असेल तर एखाद्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला देण्याची तयारी लेखी कळवणं हा जास्त सरळ रस्ता.

विकण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण भाऊ लवकरच विचारेल. ताबा कायदेशीर झाल्याशिवाय विक्री नाही. परवान्याचं शस्त्र खासगी माणसाला विकायचं तर घेणाराही पात्र हवा, आणि आधी जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. फोटो टाकून ऑनलाइन जाहिरात देणं म्हणजे विनापरवाना ताब्याचा पुरावा स्वतःच छापणं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरातन वस्तू व कला संपदा अधिनियम १९७२ प्रमाणे पुराणवस्तू ठरते, ती देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला पुरातत्त्व खात्याचा वेगळा परवाना लागतो. इथे एक गैरसमज निस्तरतो: पुरातत्त्वाच्या दृष्टीने पुराणवस्तू ठरणं आणि शस्त्र कायद्यातून सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीचं प्रमाणपत्र दुसरीकडे चालत नाही. तसंच इंटरनेटवर वाचलेली सालं इथे लावू नका. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक केंद्रीय कायद्याने अँटिक धरली जाते, ब्रिटनमध्ये २०२१ च्या नियमांनी १ सप्टेंबर १९३९ ची रेषा आणि ठरावीक काडतुसांची यादी आहे. ती त्यांची सोय. तिथे मोकळेपणी विकत घेतलेली बंदूक नातेवाइकाने बॅगेत आणली तर आपल्या कस्टम्सला ती विनापरवाना आयातच दिसते.

राहिली तलवार. ती अग्निशस्त्र नाही, त्यामुळे कलम ३ तिला लागत नाही. कलम ४ लागतं, आणि ते केंद्राने अधिसूचना काढलेल्या भागात आणि वर्णनाच्या शस्त्रांना. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं नियमांच्या वर्ग ५ मध्ये येतात, आणि महाराष्ट्रात तलवारीवर कलम ४ सह २५ खाली गुन्हे नेहमी नोंदले जातात, बहुतेक वेळा मिरवणुकीत किंवा वाढदिवसाच्या केकवर ती नाचवली म्हणून. देवघरातली जुनी तलवार घराबाहेर काढू नका, तिच्यासोबत फोटो काढून पाठवू नका. पोलीस पंचनाम्याला घरी येतील तेव्हा ती कुठे आहे हे आधीच अर्जात एका ओळीत लिहिलेलं बरं. त्यांनी शोधून काढण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं केव्हाही चांगलं.